शिलाई मशीनवरची हळूबाई

ये, इकडे सरक अशी. दारात उभी राहून काय ऐकतेस? एक पाय चपलेत, एक पाय घरात, आणि डोळे त्या मोबाइलात. तुम्हा पोरींचं काही कळत नाही मला. परवा आमची भाचेसून गाणं ऐकत बसली होती, तेही दीडपट वेगानं. मी विचारलं, "काहून व, तुही गाडी सुटून राह्यली का?" तर म्हणते, वेळ वाचतो मावशी. वाचलेल्या वेळाचं काय करतेस, तर म्हणते दुसरं गाणं ऐकते. दीडपट वेगानं. आता बोला! तू काही तिच्यापेक्षा वेगळी नाहीस, मला माहीत आहे. चप्पल काढ, फोन पालथा ठेव आणि बस. तुला अशा एका चिजेची गोष्ट सांगायची आहे, जी पळवत ऐकली तर हाताला काहीच लागत नाही. शब्द नाहीत त्यात. नुसती पियानोवर वाजवायची. आणि ती मी वाजवते. हसू नको. आर्णीसारख्या गावात सुती पातळ नेसणारी, सांधे धरलेली बाई पियानो वाजवते म्हटल्यावर आमचे हेसुद्धा आधी हसलेच होते.

आधी माझी जुनी ओळख सांगते, म्हणजे नवी कळेल. आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. दर गुरुवारी दुपारी, भांडीकुंडी आटोपली की पाळीपाळीनं एकेकीच्या घरी जमायचं. जिच्या घरी भजन, तिचा चहा आणि तिचंच खायचं. या मंडळात पेटी वाजवायची मी. शिकवली कोणी नाही. लहानपणी देवळात पेटीवाल्याच्या समोर, बायकांच्या बाजूला बसायची आणि त्याची बोटं बघायची. समोरून बघितल्यामुळे सगळं उलटं दिसायचं. उजवीकडचा सूर डावीकडे. घरी येऊन पाटाच्या कडेवर बोटं चालवायची आणि मनातल्या मनात ते सुलटं करायचं. पुढं खरी पेटी हाती आली तेव्हा पहिले काही दिवस मी ती उलटी वाजवली असणार, पण ऐकणाऱ्या माझ्याच जावा होत्या, त्यांनी खपवून घेतली.

भजनात पेटीवालीचं एकच मोठं काम. जागा रिकामी राहू द्यायची नाही. गाणारी श्वास घ्यायला थांबली, की भर. खोकली, भर. तिचं नातवंड मध्येच मांडीवर येऊन चढलं, भर. एकदा एकीला पुढचं कडवं आठवेचना. मी भरत राहिले, भरत राहिले, तेवढ्यात घरवालीनं चहा केला, आणि आम्ही तो त्याच कडव्याच्या जागी पिऊन घेतला. पेटी चालू असली की भजन चालू असतं, असा आमचा हिशेब. आणि पेटीचा सूर तरी कसा, डावा हात भाता हलवत राहिला की तुझ्या मनात असेल तितका वेळ तो जागच्या जागी उभा. शेवटी शेवटी लय चढते, ढोलक पेटतं, बायका डोळे मिटून टाळ्या वाजवतात, आणि पेटीवालीची बोटं नुसती पळतात.

ती माझी पळायची थांबली. सकाळी उठले की मूठ मिटेना. डॉक्टर म्हणाले सांधे आहेत, आता त्यांना जपा. मी म्हटलं, इतकी वर्षं मी त्यांना जपलं नाही, त्यांनी मला जपलं, ते चालूच ठेवायला सांगा ना. ते हसले आणि गोळ्या लिहून दिल्या. मग एका गुरुवारी लय चढली आणि मी मागे राहिले. एसटी सुटल्यावर पिशवी घेऊन धावणाऱ्या बाईसारखी. बायका पुढच्या ओळीवर आणि माझी बोटं मागच्या.

कोणी वाकडं बोललं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण आमच्या बायका फार चांगल्या, हीच अडचण. पुढच्या गुरुवारी पेटी शेजारच्या सुनेच्या पुढ्यात ठेवली होती. फुलसावंगीची पोरगी, तरणी, बोटं अशी की पाण्यातल्या मासोळ्या. ती बिचारी लाजून म्हणाली, "काकू, तुम्ही टाळ घ्या ना. हाताले आराम." मी टाळ घेतले. टाळ वाजवायला बोटं लागत नाहीत, दोरी धरता आली म्हणजे झालं. घरी आल्यावर यांनी विचारलं, "कसं झालं भजन?" मी म्हटलं, "चांगलं झालं." आणि माझी घरची पेटी जुन्या चादरीखाली झाकून ठेवली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मी वाजवणारी बाई आहे, की वाजवणारी होती? बाकी सगळं ठीक होतं. जेवण जात होतं, झोप येत होती. पण एवढं एक कोणी सांगत नव्हतं, आणि विचारायचं कोणाला?

दिवाळीत नात आली बंगळुरूहून. तिथं नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी पियानोच्या क्लासला जाते. सोबत एक लांबलचक कीबोर्ड आणला होता, खोलीच्या दारातून तिरपा करून आत घ्यावा लागला. म्हणाली, नवा घेतला म्हणून हा जुना इथं ठेवते. मग ठेवायचा कुठं? घरात टेबल एकच, त्यावर टीव्ही. शेवटी माझ्या शिलाई मशीनचं मुंडकं खाली दुमडलं आणि वर तो आडवा टाकला. दोन्हीकडून वीत वीत बाहेर आला, पण टिकला. नात समोर स्टुलावर बसली आणि तिनं ती चीज वाजवली. कुठल्याशा थंड देशातल्या, अजून हयात असलेल्या माणसानं लिहिलेली. तिचं नाव नातीनं सांगितलं, मला काही बोलता आलं नाही, म्हणून मी तिचं नाव हळूबाई ठेवलं.

कशी आहे सांगू? डावा हात खालून तीन-चार सूर वर नेतो आणि ठेवून देतो. मग उजवा हात वर एकच सूर टाकतो. मग दोन्ही हात थांबतात. सूर विरतो, विरतो, पार जातो. मग पुन्हा तेच. पुन्हा तेच. फार उशिरानं, शुद्ध गंधाराच्या जागी एकदाच कोमल गंधार येतो, इतकाच काय तो फरक.

पहिला सूर विरला तेव्हा हे आतून ओरडले, "लाईन गेली का?"

दुसऱ्यांदा विरला तेव्हा मी म्हटलं, "अवं, झालं का सुरू व्हायचं हाय?"

नात वाजवून उठली आणि म्हणाली, "आजी, हे तुझ्या बोटांना जमेल."

मला राग आला. माझ्या बोटांवर दया करायला आणखी एक जण आली, असं वाटलं. मी म्हटलं, "यात वाजवायचं काय हाय? नुसतं थांबायचंच तर हाय. मी आर्णीच्या स्टँडवर अर्धा जन्म थांबली, तिथं कोणी टाळ्या नाही वाजवल्या."

"मग सोपंच आहे की तुला," ती म्हणाली. "वाजवून दाखव."

आता नातीनं असं म्हटल्यावर कोणती आजी गप्प बसेल? ती गेली, कीबोर्ड राहिला, आणि तिचं वाजवणं फोनमध्ये भरून ठेवलेलं राहिलं. मी ऐकून ऐकून सूर तर एका आठवड्यात बसवले. कठीण नव्हतेच. कठीण निघाले मी.

पहिली गंमत डाव्या हाताची. सूर टाकला की तो आपला हवेत मागेपुढे व्हायला लागे. भाता शोधायचा बिचारा. पियानोला भाता नसतो. सूर एकदा टाकला की गेला, त्याला मागून वारा घालता येत नाही. मी पट्टी दाबून धरायची, आणखी जोरानं दाबायची, तरी तो आपला मरतच जायचा. हे बघत उभे होते. म्हणाले, "माशा हाकलून राह्यली का?"

दुसरी गंमत पायाची. नातीनं खाली एक पेडल ठेवलं होतं. ते दाबून धरलं की सूर थोडे जास्त रेंगाळतात. पण मी बसले होते कशापुढे? शिलाई मशीनपुढे. माझ्या पायानं इतकी वर्षं त्या जागी एकच काम केलेलं. सूर टाकला, की पाय सरळ मशीनच्या पायट्यावर आणि खटखट खटखट सुरू. हळूबाई वर रडतेय आणि खाली ब्लाउज शिवणं चाललंय. शेवटी पट्टा काढून खिळ्याला टांगला, तेव्हा कुठं तो पाय ऐकायला लागला.

तिसरी गंमत मात्र हसण्यावारी नेता येईना. मला रिकामी जागा सोसत नव्हती. सूर विरायला लागला की माझं बोट आपोआप एक मुरकी घ्यायचं, एखादी छोटी तान घालायचं. नातीला फोन लावून ऐकवलं, तर ती म्हणाली, "आजी, तू त्या बिचाऱ्याच्या गाण्यात भजन घातलंस."

"रिकामं ठेवलं तर लोक म्हणतील हिले येत नाही."

"कोण लोक? तिथं आजोबाच तर आहेत."

"तेच तर म्हणतात."

मग याचा अर्थ काय ते तरी सांग, मी म्हटलं. अर्थ कळला तर किती थांबायचं तेही कळेल. भजनात शब्द सांगतात ना कुठं टेकायचं. नात म्हणाली, "अर्थ असा नसतो त्याला. तू वाजव, तुझं तुला सापडेल." हे शिकलेल्या लोकांचं बरं असतं. आपल्याला माहीत नसलं की तुझं तुला सापडेल म्हणायचं.

सापडलं, पण भलत्याच ठिकाणी. शेजारच्या त्या सुनेला तान्ही पोरगी आहे. दुपारी ती पेटीचा सराव करायची, आणि पेटी सुरू झाली की पोरगी किंचाळून रडायची. एक दिवस ती पोरीला घेऊन माझ्याकडे आली. "काकू, थोडा वेळ ठेवता का हिले? गुरुवारचं नवं भजन बसवायचं हाय." बघ बाई, काय पाळी आली. माझी पेटी तिच्याकडे गेली आणि तिची पोरगी माझ्याकडे आली. मी पोरीला मशीनशेजारी गोधडीवर टाकलं आणि थोपटायला लागले.

तू कधी पोर थोपटून निजवलंस का? आधी हात भराभर चालतो. मग पोर थोडं सैल झालं की तू दोन थापांमधलं अंतर वाढवतेस. थाप. थांब. थाप. आणखी थांब. त्या थांबण्यात तुझा हात रिकामा नसतो, बघ. तो तिच्या अंगापासून चार बोटं वर, हवेत, श्वास ऐकत असतो. फार लवकर आला तर ती जागी होते, आणि एकदम उचलला तरी जागी होते. शेवटची थाप कोणती ते आधी ठरलेलं नसतं. हाताला कळतं ते.

ती निजली. मी तशीच उठून स्टुलावर बसले, आवाज बारीक केला आणि त्याच हातानं हळूबाई वाजवली. थांबायच्या जागी हात पट्टीच्या चार बोटं वर, पोरीच्या श्वासाकडे कान. पोरगी ढिम्म हलली नाही. मग मध्ये कुठंतरी माझी जुनी खोड उठली, मी एक छोटीशी मुरकी घातली, आणि पोरगी अशी दचकून रडली की पलीकडची पेटी थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जागा मोकळी सोडली की झोपायची, भरली की भोकाड. नात फोनवर जे सांगून थकली होती, ते या पोरीनं रडून रडून मला शिकवलं. आणि बोटांचं म्हणशील, तर त्यांना थापेइतकंच काम होतं. ती कुरकुरली नाहीत.

माझ्या घरची पाळी आली तो गुरुवार. मी सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळून ठेवल्या, चहाचं आधण मांडलं, आणि सगळ्या टेकल्यावर म्हटलं, "भजनाच्या आधी मले काही वाजवायचं हाय."

सगळ्यांनी आधी माझ्या बोटांकडे, मग एकमेकींकडे बघितलं. आमची ढोलकवाली माझ्याच वयाची, गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरून येते, हात असे की तिनं ढोलक नुसतं मांडीवर घेतलं तरी बाकीच्या सावरून बसतात. ती म्हणाली, "वाजव ना व. कायले भेतं? आमी हावो ना." म्हणजे आम्ही आहोत ना. त्या वाक्यानं मला तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं.

मी स्टुलावर बसले. डाव्या हातानं सूर वर नेले. उजव्यानं एक वर टाकला. दोन्ही हात थांबले. सूर विरायला लागला. आणि तो अर्धा विरायच्या आत मागून धाडकन ढोलक! त्यावर टाळ. त्यावर शेजारच्या सुनेची पेटी, बरोब्बर माझ्याच सुरात. एकीनं भजन उचललं, दुसरीनं झेललं, आणि बघता बघता ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, लय चढवून, जयजयकारासकट पार पडलं. मी तोंड उघडं टाकून, हात पट्ट्यांवर तसेच, बसलेली.

ढोलकवालीनं पदरानं कपाळ पुसलं आणि समाधानानं म्हणाली, "घे. सांभाळून घेतलं तुले."

त्यांना वाटलं मी अडकले. आमच्या मंडळात पेटी बंद पडली याचा दुसरा अर्थच नाही. बोटं आखडलेली बाई, हौसेनं बसली, एका सुरावर अडकली, आता हिची फजिती होऊ द्यायची नाही. प्रत्येकीनं आपापलं हत्यार उचललं. इतकं प्रेम, आणि मला वाटत होतं की तळलेल्या वड्यांचं ताट उचलून मागच्या अंगणात जाऊन बसावं. कारण माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर या बायकांनी ढोलक वाजवून दिलं होतं. होती. वाजवणारी होती.

मी स्टूल फिरवून त्यांच्याकडे तोंड केलं. "अवं, मी अडकली नव्हती," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच असेल. "थांबली होती मी."

"थांबली म्हणजे?"

"म्हणजे ते तसंच हाय. तिथं थांबायचंच हाय."

"काहून?" शेजारची सून. खरंच विचारत होती पोरगी.

"तो सूर जाईपर्यंत. मग दुसरा."

"अन् तोपर्यंत आमी काय करायचं?" ढोलकवाली.

"काही नाही करायचं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"याडी व!" ती म्हणाली. तिच्या बोलीत आईची हाक आहे ती, आणि फार मोठं संकट असल्याशिवाय ती काढत नाही. "मग आमाले बोलावलं कायले?"

सगळ्या हसल्या, मीही हसले, पण उठले नाही. पुन्हा वाजवते म्हटलं. टाळ पदराखाली ठेवायला लावले. शेजारच्या सुनेनं पेटीचा भाता बंद करून कडी लावली. ढोलकवालीनं ढोलक भिंतीशी सरकवलं, आणि आपल्या हातांचा तिला भरवसा नव्हता म्हणून दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसली.

मी सुरू केलं. पहिली जागा. सूर विरतोय आणि मागे पाटल्या-बांगड्या वाजताहेत, कारण एवढ्या बायका एकदम स्वस्थ बसल्या की अंग कुठं ठेवायचं ते कळत नाही. एक खोकली. रस्त्यावरून कांदेवाल्याची गाडी भोंग्यात भाव सांगत गेली, ती पार लांब जाईपर्यंत मी पुढचा सूर टाकला नाही. कोणीतरी हलकेच "राम राम" म्हणालं. दुसरी जागा. तिसरी. माझी पाठ त्यांच्याकडे, पण मला पाठीवर कळत होतं की त्या सगळ्या मला वाचवायला टपून बसल्यात. बोट सारखं म्हणत होतं, घाल मुरकी, घाल, मोकळ्या होतील बिचाऱ्या. मी त्याला चार बोटं वर धरून ठेवलं.

आमचे हे आतल्या खोलीच्या दारात उभे होते. जन्म जिनिंगमध्ये गेला त्यांचा, कापसाच्या यंत्रांच्या घरघराटात. कान जाड झाले आणि शांततेची सवय पार मोडली. हिवाळ्यातसुद्धा पंखा लावतात, वाऱ्यासाठी नाही, आवाजासाठी. त्याशिवाय झोप नाही. मी वाजवत असताना तो माणूस भिंतीशी गेला, आणि पंख्याचं बटण खाली केलं. पाती फिरत फिरत थांबली. तेव्हा पहिल्यांदा माझा सूर शेवटपर्यंत ऐकू आला, अगदी तो संपतो तिथपर्यंत. बांगड्याही कधी थांबल्या कोण जाणे.

मग तो कोमल गंधार आला. एकदाच येतो म्हटलं ना. मागे कोणीतरी "अगं माय" म्हणालं, इतकं बारीक, की ते मला त्या सुरातलंच वाटलं.

संपलं. पण ते संपलं हे कोणाला कळणार? जयजयकार नाही, लय चढलेली नाही. मी हात मांडीवर ठेवले, तरी सगळ्या तशाच. मांडीखाली हात घालून बसलेली ढोलकवाली शेवटी कुजबुजली, "आता बोलू का?"

बोलल्या! बाप रे, मग जो गलका झाला. एक म्हणाली, दोरीवर ओलं लुगडं टाकलं अन् ते निथळून राह्यलं, तसं हाय हे. दुसरी म्हणाली, नाही, पोरीचा फोन यायचा असला की मी अशीच बसते. ढोलकवाली म्हणाली, "मले तर दिसलं, कोणी तरी जिना चढून राह्यलं अन् एका एका पायरीवर दम खाऊन राह्यलं. माह्यावानी." यांनी दारातूनच सांगितलं, "जिनिंग बंद केल्यावर पट्टा कसा हळूहळू थांबते, तसं." मी माझ्या थोपटण्याचं सांगितलं. त्यावर भांडण. लुगडंवालीला ते अजिबात पटलं नाही. वड्या खाताना, चहा पिताना, तेच भांडण चाललं होतं, आणि मी मध्ये बसून ऐकत होते. भजनानंतर आम्ही कधी असं भांडलो नव्हतो. भजनाचा अर्थ ठरलेला असतो, त्याला कोण काय बोलणार?

शेजारची सून हळूच माझ्या शेजारी आली. "काकू, हे मले शिकवता का?" मी तिला स्टुलावर बसवलं. सूर तिनं जागच्या जागी उचलले, मला आठवडा लागला ते तिला चहा निवेपर्यंत. पण थांबायला गेली की तिच्या मासोळ्या लगेच पळायला लागत. एक जागा आली, भरली. दुसरी आली, भरली. तिसऱ्या जागेला तिनं स्वतःच एका हातानं दुसरा हात धरला. "होत नाही काकू," ती म्हणाली, रडवेली झाली होती. "तुम्हाले कसं जमते?" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. फार बरं वाटलं. मग मी तिला म्हटलं, उद्यापासून पोरीला घेऊन ये, आणि पोरीला तूच थोपट. पेटी मी नाही मागत परत, लय चढली की माझ्यानं धावणं होत नाही. ते तुझं. हळू चालायचं ते माझ्याकडे शीक.

निघताना ढोलकवालीनं जाहीर केलं, "पुढच्या गुरुवारी माह्या घरी. अन् ही आधी वाजवन, मग भजन."

"कीबोर्ड मशीनवरच बसते," मी म्हटलं. "दुसरीकडं मले जमत नाही."

"मग मशीन आण."

तिचा पोरगा मालाचा ऑटो चालवतो. त्यात शिलाई मशीन, त्यावर दोरीनं बांधलेला कीबोर्ड, मागे स्टुलावर मी, अशी आमची वरात तांड्यावर गेली. तिथं मशीन उतरताना बघून दोन बायका ब्लाउजपीस घेऊन आल्या, माप द्यायला. ढोलकवाली त्यांना म्हणाली, "शिवत नाही ती. वाजवते ती." आहे म्हणाली नाही, होती म्हणाली नाही. वाजवते. त्या बायका ब्लाउजपीस हातात घेऊन तिथंच बसल्या आणि हळूबाई ऐकून गेल्या.

आता दर गुरुवारी भजनाच्या आधी ती असते. पण एक सांगते, अजून पुरती जमलेली नाही. त्या कोमल गंधारानंतरची जी जागा आहे, ती मला सगळ्यांत लांब वाटते आणि तिथं मी थोडी घाई करते, असा मला संशय आहे. या बायकांना विचारून उपयोग नाही, त्या आता काहीही वाजवलं तरी वा म्हणतात. हे तर पंखा बंद करून माझ्याचकडे बघत बसतात, त्यांना सूर दिसत नाही. मला बाहेरचा कान पाहिजे, जो सरळ तोंडावर सांगेल, थांबलीस की पळालीस. इथं काही माझा कीबोर्ड नाही, म्हणून आर्णीला माझ्या घरी ये बाई. गुरुवारी आलीस तर सगळ्या भेटतील, दुसऱ्या कुठल्या दिवशी आलीस तर निवांत बसू. जेवायलाच ये, तुरीचे दाणे टाकून भात करते. पण आता उगाच पुढच्या महिन्यावर ढकलू नको, लवकर ये.